'मोबाइल किंवा ईमेल नसेल तर' म्हणजे नक्की केव्हा?

एका वाचनालयाच्या सभासद नोंदणीचा ऑनलाइन अर्ज मी तयार करतोय. समितीने कागदावर लिहून दिलेल्या नियमांत एक ओळ अशी: 'मोबाइल किंवा ईमेल दिलेला नसेल तर अर्ज स्वीकारू नये.' मी शब्दाला शब्द ठेवून कोड लिहिला. मोबाइल रिकामा, मग 'किंवा'च्या दोन उभ्या रेघा, मग ईमेल रिकामा. यातलं काहीही खरं निघालं की लाल अक्षरांत चूक. पहिल्याच दिवशी ईमेल नसलेले सगळे आजी-आजोबा बाहेर! समिती म्हणते, 'आम्ही किंवा लिहिलं होतं.' अहो, मीही किंवाच लिहिलंय. मराठीत या वाक्याचा सरळ अर्थ कोणता?

प्रतिसाद १

खोट 'किंवा'त नाही, 'नसेल'मध्ये आहे. होकारी वाक्यात 'किंवा' अगदी गुणी असतो. 'मोबाइल किंवा ईमेल द्या' म्हटलं की एक पुरतो, दोन्ही दिले तरी कुणी रागावत नाही. नकार आला की मात्र तो कुठवर पसरतो हे वाक्यावरून कळत नाही.

'पाकिटावर नाव किंवा पत्ता नसेल तर पत्र परत येतं.' इथे एक जरी नसलं तरी पत्र परत. 'घरात भाजी किंवा डाळ नसेल तर पिठलं टाक.' इथे दोन्ही नसतील तरच पिठलं. रचना तीच, अर्थ निराळे. आपण स्वयंपाकघर ओळखतो म्हणून चुकत नाही. ब्राउझरला पिठलं ठाऊक नाही.

तर्कशास्त्रात यासाठी डी मॉर्गनचे नियम आहेत. 'अ किंवा ब' या सबंध विधानाला नकार दिला की 'अ नाही आणि ब नाही' असं होतं. 'अ आणि ब'ला दिला की 'अ नाही किंवा ब नाही'. नकार कंसात शिरताना जोडशब्द पालटतो. (हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले.) समितीला हवं होतं 'मोबाइल किंवा ईमेल असावा'. त्याचा नकार 'मोबाइल रिकामा आणि ईमेल रिकामा'. म्हणजे त्या दोन रेघांच्या जागी 'आणि'च्या अँपरसँडची (&) जोडी पाहिजे.

आणि मराठीकडे याचे शब्द आहेत, आपण ते वापरत नाही एवढंच. 'दोहोंपैकी एकही नसेल तर' आणि 'दोहोंपैकी एक जरी नसेल तर'. पहिल्यात आणि, दुसऱ्यात किंवा. नियम लिहून घेताना मी समोरच्याला हे दोनच पर्याय विचारतो.

प्रतिसाद २

'की' राहिलाच. 'चहा की कॉफी?' यात एकच निवडायचं. 'चहा किंवा कॉफी चालेल' यात तसं बंधन नाही. 'की' म्हणजे अर्जावरची गोल बटणं. प्रश्नाबाहेर तो नीट बसत नाही, ही अडचण.

प्रतिसाद ३

माझं भांडण 'तर'शी आहे. 'वय १८च्या आत असेल तर पालकांचं नाव द्यावं.' बरं, नसेल तर? ऐकणारा गृहीत धरतो की मग नको. कोड काही गृहीत धरत नाही, त्याला 'नाहीतर'ची फांदी लिहून द्यावी लागते. नाही लिहिली तर मोठ्या माणसाने चुकून भरलेलं पालकाचं नाव तसंच साठवलं जातं. आपला बोलण्यातला 'नाहीतर' एरवी धमकीचा, 'गप्प बस, नाहीतर…', पण इथे बिचारा निरुपद्रवी आहे.

शिवाय '१८ वर्षांवरील'मध्ये आजच १८ पूर्ण झालेला बसतो का? यावर वाद होतातच. संविधानाच्या कलम ३२६ने मतदाराचं वय १८पेक्षा कमी नसावं, अशी नकारातून रेघ आखली आहे. 'किमान १८' किंवा '१८ पूर्ण' लिहा, 'वरील' नको.

प्रतिसाद ४

'रिकामं' हाही फसवा शब्द. एका अर्जात 'घरातील मुलांची संख्या' ही चौकट सक्तीची होती. कुणी ० भरलं की 'ही माहिती आवश्यक आहे'. पीएचपी या वेबसाइटच्या कोडभाषेतलं 'एम्प्टी' शून्याला, अगदी अक्षररूपातल्या शून्यालाही, रिकामं धरतं. संस्कृतात 'शून्य'चा एक अर्थ रिकामा हाच, तेव्हा पीएचपीला व्युत्पत्ती पाठ असावी! पण मूल नाही हे उत्तर आहे, आणि उत्तर न देणं वेगळं. अशा जागी 'कोरी चौकट' म्हणावं आणि तपासही कोऱ्या अक्षरमालेचाच करावा.

मूळ प्रश्नकर्ता

'एकही' आणि 'एक जरी' आता कोडमधल्या टिपणीत मराठीतच लिहून ठेवलंय. अर्जावरची ओळही बदलली: 'मोबाइल आणि ईमेल यांपैकी निदान एक द्यावा.' ग्रंथपालबाईंचा दुपारी फोन आला: निदान म्हणजे दोन दिले तर चालतील ना?