शेल स्क्रिप्टमध्ये मजकूर जुळवायचाय? आधी केस, मग ग्रेप

रात्रपाळी:
माझं ठाम मत आहे: शेल स्क्रिप्टमध्ये (टर्मिनलच्या कमांड्सची फाइल) पॅटर्न जुळवायचा तर हात आधी 'केस'कडे, म्हणजे शेलच्याच case या रचनेकडे जावा. मागच्या महिन्यात आमच्या साफसफाईच्या स्क्रिप्टनं जुनी १.२ आवृत्ती ग्रेपनं (मजकूर शोधणारी वेगळी कमांड) शोधली आणि ११२ नावाचं चालू फोल्डरही उडवलं. ग्रेपच्या रेजेक्समध्ये (पॅटर्न लिहायची भाषा) टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, केसमध्ये टिंब म्हणजे टिंबच. शिवाय केस शेलच्या आतच चालतं. हजार ओळींच्या लूपमध्ये ग्रेप घातलं की हजार वेळा नवी प्रोसेस सुरू होते.

सहा_अंक:
असहमत. चूक ग्रेपची नाही, 'उणे एफ' (मोठा एफ, -F) दिलं नाही त्याची आहे. ते दिलं की टिंब टिंबच राहतं. केसला 'दहा अंक' असं मोजून सांगताच येत नाही. मोबाइल नंबर घ्या, पुढे +९१ असेल-नसेल. बॅश या शेलमधलं रेजेक्स जुळवणारं =~ हे एका ओळीत करतं, वर जुळलेले तुकडे बॅश_रीमॅच या अ‍ॅरेत मिळतात. केसमध्ये अंकांचा कंस [0-9] दहादा लिहिणार का?

रात्रपाळी:
लिहीन. उणे एफ देऊनही ११.२ आणि १.२० सापडतातच! केस पूर्ण मजकूर जुळवतं. रेजेक्सला मधला तुकडा सापडला तरी पुरतं. ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) राहून गेले की तुमच्या तपासणीतून पंधरा अंकी नंबरही पास होतो.

डॅशप्रेमी:
=~ वापरणाऱ्यांनो, डेबियन-उबुंटूवर एसएच (sh) म्हणजे डॅश नावाचं वेगळं शेल. तिथे =~ ज्यात लिहितात ते दुहेरी चौकोनी कंसच नाहीत, केस मात्र चालतं. आणि बॅश ३.२ पासून =~ च्या उजवीकडचा पॅटर्न अवतरणात घातला की तो साधा मजकूर ठरतो. तो आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि अवतरणाशिवाय वापरा. केसमध्ये उलट काळजी: पॅटर्नच्या जागी व्हेरिएबल अवतरणाशिवाय आलं तर त्यातला * पॅटर्न म्हणून काम करू लागतो.

वेलांटी:
मराठी फाइलनावांचं कुणी बोललंच नाही. केसमधलं ? एका अक्षराला जुळतं असं आपण धरतो, पण युनिकोडमध्ये 'कि' म्हणजे क आणि वेलांटी, दोन वेगळी चिन्हं. एका ? मध्ये ते बसत नाही. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) स्क्रिप्ट चालली आणि लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांची सेटिंग, 'सी' असलं तर नुसता 'क'सुद्धा तीन बाइट मोजला जातो. ग्रेपच्या टिंबाचंही तेच. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मी यूटीएफ-८ लोकेल ठरवून टाकते.

सहा_अंक:
लोकेलचं पटलं, आजच बदलतो. नंबर तपासायला मात्र =~ च ठेवणार, ^ आणि $ लावून.