पसरणी घाटात गाडीचा दम जातोय, टर्बो खरंच गेलाय का? (मदत हवी आहे)

पसरणीचा पाहुणा:

मंडळी, गाडी डिझेल, १.३ लिटर, टर्बोवाली, २०१५ ची. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल.

राहतो पुण्यात, गाव भिलार. म्हणजे महिन्यातून दोनदा तरी वाईहून पसरणी घाट चढणं आलंच. गेले दोन महिने तिसऱ्या गिअरला गाडी उचलतच नाही. पूर्वी दोन हजार आरपीएमच्या पुढे पाठीत जो रेटा जाणवायचा तो गायब. पाय पूर्ण दाबला की मागे काळा धूर आणि बॉनेटखाली फुस्सऽऽ. गेल्या रविवारी तर वरच्या वळणांवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चाळिसाच्या वर जाईना. मागे एसटी हॉर्न देतेय, गाडीत आई-बाबा, वर बाबांचं "आपल्या जुन्या गाडीला असलं काही नव्हतं". बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर बरी चालली. दिवा मात्र तसाच.

एका गॅरेजवाल्याने टर्बोचा पाईप काढला, आत बोट फिरवून तेल दाखवलं, "बघा साहेब, टर्बो तेल ओकतोय". शाफ्ट हलवून दाखवला, तोही जरा हलला. नवीन टर्बो ४८ हजार, रिकंडिशन २२ हजार. दुसरा म्हणाला, घाटात हवा विरळ असते, असं व्हायचंच. मेहुणा म्हणतो रीमॅप करून (म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून) बूस्ट वाढव, सगळं निघून जाईल.

तिघांनी तीन दिशा दाखवल्या. ४८ हजार घालण्याआधी कुणीतरी समजावून सांगा, टर्बो गेलाय हे नक्की कसं कळतं? आणि हा बूस्ट म्हणजे नेमकं काय, जो माझ्या गाडीत कमी पडतोय?

तिसरा गिअर:

घाई करू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांत टर्बो गेल्याचा एकही पक्का पुरावा मला दिसत नाही.

बूस्टचं आधी. इंजिनात ताकद डिझेल जळून येते, पण एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. त्यामुळे डिझेल कितीही ओता, हवा नसेल तर त्याची काजळी होते. १.३ लिटरचं इंजिन स्वतःच्या जिवावर ओढून ओढून किती हवा ओढणार? टर्बो इथे कामाला येतो. सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. छोट्या गाड्यांत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बाहेरच्या दाबापेक्षा जितका जास्त दाब इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, तयार होतो, तो तुमचा बूस्ट. दाब दुप्पट झाला की १.३ चं इंजिन हवेच्या बाबतीत जवळजवळ अडीच लिटरचं होतं.

'जवळजवळ' म्हणतोय कारण दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबली की सहज शंभराच्या वर जाते, आणि तापलेली हवा फुगते. मग दाब आहे पण माल कमी. म्हणून बंपरमागे इंटरकूलर असतो, तो तिला परत थंड करतो. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिन, हा सगळा रस्ता रबरी होज आणि क्लिपांनी जोडलेला असतो. मला शंका तिथे आहे.

विरळ हवेचं म्हणाल तर पुण्यात हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, तिथे ८७. म्हणजे विनाटर्बो गाडीचासुद्धा पुण्याच्या तुलनेत नऊएक टक्के दम कमी होईल. तुमचा निम्मा गेलाय. शिवाय टर्बो असल्यावर ही तूट बरीचशी भरून निघते, पूर्वी विमानांना टर्बो लावायचे ते याचसाठी.

गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं एक ओबीडी डोंगल घ्या, हजाराच्या आत मिळतं. मोबाईलवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा किलोपास्कलमध्ये बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना किती, आयडलला किती, आणि मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबून २५०० आरपीएमला किती. मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघत बसू नका. एरर कोडही लिहून घ्या.

वाफाळता चहा:

माझ्याकडे सेम झालं होतं. उंदराने टर्बोच्या ॲक्च्युएटरची (बूस्ट कमी-जास्त करणारा दांडा हलवणाऱ्या डबीची) बारीक नळी कुरतडली होती. १५० रुपयांत काम. आधी उंदीर बघा!

निवृत्त फिटर:

उंदरावर माझाही विश्वास आहे, पण नळी कुठली ते बघावं लागतं. बत्तीस वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केले म्हणून सांगतो.

टर्बोचे दोन प्रकार. एकात आतल्या पात्या हलतात, त्याला व्हीजीटी म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांत त्या व्हॅक्यूमने ओढल्या जातात. ती नळी फाटली की बूस्ट पडतो. चहावाल्यांची गाडी त्यातली असणार. दुसरा साधा, वेस्टगेटवाला. त्यात बूस्ट वाढला की त्याच दाबाने एक झडप उघडते आणि जादा वायू चक्राला बगल देऊन जातो. ही नळी फाटली तर झडपेला दाब पोचतच नाही, ती उघडत नाही, आणि बूस्ट कमी नाही, उलट जास्त होतो.

तेव्हा पाहुणे, ॲक्च्युएटरची नळी कुठे जाते ते बघा. टर्बोच्या थंड बाजूच्या, गोगलगाईसारख्या दिसणाऱ्या घरालाच जोडलेली असेल तर तुमचा साधा टर्बो. मग इंजिन गार असताना ॲक्च्युएटरचा दांडा हाताने ओढून बघा. स्प्रिंगचा चांगला जोर लागला पाहिजे. लुळा असेल तर झडप उघडी राहिलीय.

पाईपातल्या तेलाचं. क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागातली, वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचा ओलावा येतो. लाखभर किलोमीटर झालेल्या डिझेलच्या पाईपात बोटाला तेल लागलं नाही तरच मला नवल वाटेल. टर्बो तेल ओकत असता तर निळा धूर असता आणि डिपस्टिकवर पातळी उतरली असती. शाफ्टचंही तसंच. तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, त्यामुळे बाजूला किंचित हलणारच. पुढे-मागे हलतोय का आणि पाती घराला घासल्याच्या खुणा आहेत का, हे महत्त्वाचं. ते दाखवलं का त्यांनी?

पसरणीचा पाहुणा:

नाही दाखवलं. बाजूलाच हलवला होता.

डोंगल आणलं. कोड पी ०२९९. किल्ली ऑनला ९५ (पुण्यात), आयडलला ९६, चढावर पाय पूर्ण दाबून २५०० ला १३८. नळी टर्बोच्या गोगलगाईलाच जाते. दांडा ओढायला दोन बोटं कमी पडली, चांगलाच कडक आहे. डिपस्टिक मे महिन्यात होती तिथेच.

तिसरा गिअर:

पी ०२९९ म्हणजे पाहिजे तेवढा बूस्ट मिळत नाही, एवढंच. टर्बो बदला असं तो कोड म्हणत नाही, पण बरेच जण तसंच वाचतात.

किल्ली ऑनला ९५ दाखवतोय म्हणजे सेन्सर शुद्धीवर आहे. पूर्ण लोडला २०० च्या आसपास यायला पाहिजेत, मिळतायत १३८. आता गंमत बघा: १३८ तरी कुठून आले? टर्बो फिरतोय म्हणूनच ना. हवा दाबली जातेय आणि वाटेत सांडतेय. तुमचा फुस्स तोच.

काळ्या धुराचाही मेळ बसतो. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ, गळती त्याच्या पुढे. ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) हिशेबात हवा आत गेली, प्रत्यक्षात ती बंपरखाली गेली. डिझेल मात्र हिशेबाप्रमाणे पडलं. घाटात बराच वेळ आकडे जुळेनात तेव्हा त्याने इंजिनाला लगाम घातला. किल्ली बंद-चालू केल्यावर त्याने पुन्हा एक संधी दिली, बस.

काळा धूर:

पण रीमॅपचं काय वाईट आहे? बूस्ट वाढवला की ताकद वाढतेच. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये १.५ लिटरचं टर्बो इंजिन ३ लिटरवाल्यांसमोर उतरवलंच की.

निवृत्त फिटर:

उतरवलं, आणि सुरुवातीला ते इतक्या वेळा धूर काढत बंद पडलं की लोक त्या गाडीला पिवळी किटली म्हणायला लागले. तेही पूर्ण सांगा!

बूस्ट वाढला की ताकद वाढते हे खरंच आहे. त्याबरोबर सिलिंडरातला दाब, एक्झॉस्टचं तापमान आणि क्लचवरचा भार, हेही वाढतं. धडधाकट गाडीत कुणी विचार करून केलं तर त्याची मर्जी. इथे टाकीला भोक आहे आणि मेहुणे मोठी मोटर बसवा म्हणतायत. टर्बो आणखी पळेल, हवा तिथूनच सांडेल. पाहुणे, मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा.

गळती शोधायला इंजिन बंद असताना नुसतं हाताने चाचपून भागत नाही, चीर मिटलेली असते. होजच्या खालच्या बाजूने हात फिरवा. जिथे तेलकट होऊन धूळ चिकटलीय तिथे थांबा. नाहीच सापडली तर गॅरेजमध्ये टर्बोच्या तोंडाला टोपण लावून एक बार, फार तर १५ पीएसआय हवा सोडायला सांगा आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारा. टायरवाल्यासारखी ३०-४० भरू देऊ नका, सीलं जातील. क्लच वगैरेचं काम अलीकडे झालंय का? त्यासाठी हे पाईप काढावे लागतात कधी कधी.

पसरणीचा पाहुणा:

फिटरकाका, तुम्ही बॉनेटमध्ये बसून लिहिताय का? क्लच मार्चमध्येच बदलला.

आज तिसऱ्याच गॅरेजमध्ये नेली. साबणाच्या पाण्याची गरजच पडली नाही. इंटरकूलरकडून वर येणारा होज क्लिप तिरकी बसल्यामुळे एका ब्रॅकेटला घासत होता, खालून चार बोटं लांब चीर. हवा भरल्यावर माशाच्या तोंडासारखी उघडत होती. होज १८५०, मजुरी ६००. कोड पुसला आणि कात्रजच्या चढावर आकडा बघितला: २१४.

शनिवारी भिलारला जाऊन आलो. पसरणी तिसऱ्या गिअरला चढली, धूर नाही. बाबा म्हणाले, "बघ, तेल बदललं की गाडी कशी सुधारते." मी काही बोललो नाही.

एकच राहिलं. वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर आयडलला ठेवायची म्हणतात, ते खरं का?

निवृत्त फिटर:

घाट चढून थेट थांबलात तर ठेवा. टर्बो लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद झालं की तेलाचा पुरवठा तुटतो आणि बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून खरपुडी धरतं. पाचगणीच्या बाजारातून दहा मिनिटं रांगत घरी पोचलात तर ते काम रस्त्यातच झालेलं असतं. आणि तेल मात्र वेळेवर बदला, तेवढ्यापुरते बाबा बरोबर आहेत.

पसरणीचा पाहुणा:

ही ओळ त्यांना वाचून दाखवणार नाही. सगळ्यांचे आभार, धागा बंद केला तरी चालेल.

वाफाळता चहा:

बंद करण्याआधी एकदा उंदीर बघून घ्या.