पात्यावर आकडा म्हणजे नकलीच असं नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जपानी लष्करी तलवारीच्या पात्यावर आकडा कोरलेला दिसतो म्हणून ती नकली, असा सूर काही जण लावतात. तो पटला नाही. जपानी लष्कराची १९३५ची 'टाइप ९५' हवालदार दर्जाच्या शिपायांसाठी कारखान्यात बनायची, तिच्यावर अनुक्रमांक असायचाच. म्यानावरही तोच आकडा असेल तर उत्तम. त्यातल्या बहुतेक तलवारींची मूठ ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, वर दोरी गुंडाळल्यासारखी नक्षी आणि रंग. ही नक्षी बोथट, अंक वेडेवाकडे असतील तर मात्र सावध व्हा.

अधिकारी तलवार स्वखर्चाने घेत, त्यामुळे तिथे काहीही सापडतं, अगदी घराण्यातलं जुनं पातंसुद्धा. मुठीतली बांबूची खुंटी काढून आतली शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, बघा. 'शोवा' किंवा 'सेकी' असा छोटा शिक्का बहुधा अपारंपरिक पद्धतीचं पातं सांगतो. ताऱ्याचा शिक्का असेल तर लष्करमान्य लोहाराचं पारंपरिक काम. परजेजवळच्या (मूठ आणि पात्यामधल्या आडव्या तबकडीजवळच्या) चकत्यांवरही बारीक आकडे असतात, ते एकमेकांशी जुळतात का पाहा.

आणि कृपा करून शेपटीवरचा गंज घासू नका! वय त्यावरूनच कळतं. पॉलिश पेपर मारलेली शेपटी मी तरी विकत घेणार नाही.