जुनी जीआय गरम पाण्याची लाईन वळवायची आहे, जोड कुठे द्यावा?

डिचोलीकर:
नमस्कार. डिचोलीत चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर आहे, न्हाणीघर मागच्या पडवीतून आत घेतोय. मागच्या स्लॅबवरच्या सोलरची अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची) लाईन भिंतीतून खाली येते, ती चार मीटर बाजूला न्यायची आहे. प्लंबर म्हणतो, भिंतीतच पाईप कापून आटे पाडू आणि पुढे सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) जोडू. पाणी विहिरीचं. टिकेल का?

पाईपपाना:
भिंतीत आटे पाडू देऊ नका. निळ्या पट्टीचा मीडियम पाईप नवा असताना 2.6 मिमी जाड असतो. आटे जवळपास 1.2 मिमी खोल जातात, म्हणजे खाली दीड मिमीसुद्धा उरत नाही, आणि तिथलं जस्तही गेलेलं असतं. गंजलेल्या पाईपवर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवली की आटे तरी तुटतात, नाहीतर वरच्या एल्बोचा जोड हलतो. चिरा पाणी पितो, त्यामुळे बाहेर ओल दिसते तोवर आत बरंच नुकसान झालेलं असतं.

जवळचा सॉकेट किंवा एल्बो शोधून तिथलंच प्लास्टर फोडा. एक पाना सॉकेटवर घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने खालचा पाईप सोडवायचा. निघालेला तुकडा उभा कापून बघा. आमच्याकडे चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा आम्लधर्मी, ते जस्त खातं. आतलं भोक पेन्सिलीएवढं उरलं असेल तर जोड देण्यात अर्थ नाही, वरपासून लाईन बदला.

पाईप चांगला निघाला तर नवा जीआय निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा), मग युनियन (पाईप न फिरवता सोडवता येणारा जोड), मग पितळी आट्यांचा सीपीव्हीसी अडॅप्टर. प्लास्टिकचे आटे गरम लाईनला नकोत, तापून-निवून ढिले पडतात. टेफलॉन टेपचे आट्यांच्या दिशेने 8-10 वेढे. घट्ट केल्यावर सरळ दिसावं म्हणून मागे फिरवू नका, टेप फाटते आणि तिथूनच ठिबकतं. ताग-सफेदा (आट्यांवर गुंडाळायचा ताग आणि त्यावरचा लेप) सीपीव्हीसीजवळ आणू नका, तेलकट लेपाने त्याला तडे जातात. युनियन प्लास्टरखाली गाडायची नाही, झाकण ठेवा.

सोलारी:
सीपीव्हीसीची मर्यादा 93 अंश. उन्हाळ्यात दोन-चार दिवस पाणी वापरलं नाही तर सोलरचं पाणी त्याच्या आसपास जातं. त्यामुळे टाकीपासूनचा वरचा भाग धातूचाच राहू द्या. नवी लाईन सतत उतरती हवी. मध्ये कुठे वर चढून खाली आली की तिथे हवा अडकते, आणि सोलरच्या दाबाला ती ढकलता येत नाही. टाकीचा व्हेंट पाईप (हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी) अजिबात बंद करू नका.

40 अंशांच्या फरकाने चार मीटर सीपीव्हीसी साधारण एक सेंटीमीटर लांबतो. सिमेंटमध्ये आवळून टाकलात तर ताण एल्बोवर येतो. फोमची नळी चढवा, उष्णताही टिकते.

डिचोलीकर:
पुढचे चार मीटर तांब्याचे घेतले तर?

पाईपपाना:
चालेल, कारण पाणी जीआयकडून तांब्याकडे जातंय. उलट असतं तर तांब्याचे कण पुढे जाऊन जीआय झपाट्याने सडवतात. दोन्ही धातू थेट भिडवू नका, मध्ये पितळी युनियन हवीच.

फेजन्यूट्रल:
एक फार महत्त्वाचं. जुन्या घरांत अर्थिंगची तार कधीकधी या जीआय पाईपलाच बांधलेली असते. मध्ये प्लास्टिक आलं की अर्थिंग तुटतं आणि ते कळतही नाही. पाईप कापण्याआधी मेन बंद करून तार शोधा. सापडली तर आधी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घ्या, आणि न्हाणीघराच्या लाईनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.