प्रेमळ कुत्रा पुरेसा नाही

घरचा प्रेमळ कुत्रा घेऊन जखमी सैनिकांना भेटायला थेट जावं का, असा प्रश्न पडतो. थेट नको. प्रेमळपणा हवाच, पण कुबडी दाणकन पडली, व्हीलचेअर अगदी जवळून गेली तरी तो बिचकता कामा नये. ते तपासून, अशा भेटींसाठी कुत्री नोंदवणाऱ्या संस्थेकडून त्याची थेरपी डॉग (रुग्णांना भेटून धीर देणारा कुत्रा) म्हणून नोंदणी होते. वय किमान 1 वर्ष लागतं. सर्व्हिस डॉग वेगळा: तो एकाच व्यक्तीसाठी, ठरावीक कामं शिकलेला असतो.

भेटीआधी 24 तासांत आंघोळ, नखं घासलेली, पट्टा 4 ते 6 फुटांचा. कच्चं मांस खाणारा कुत्रा रुग्णालयात चालत नाही, जंतूंची भीती असते. भेट तासाभरात आटपा. जांभया, ओठ चाटणं, मान फिरवणं दिसलं की कुत्रा थकलाय. तिथेच थांबा, 'आणखी एकच खोली' नको.

सर्वात जास्त चुकतं ते जवळ जाणं. युद्धाचा मानसिक आघात झालेल्या माणसाकडे मागून कधीच जाऊ नका. समोरून, दुरूनच विचारा. 'नको' म्हटलं तर हसून पुढे व्हा. दारातली वाट अडवू नका. 'तिकडे काय पाहिलंत?' हा प्रश्न तर नकोच. कुत्र्याविषयी बोला, बाकीचं त्यांना वाटलं तर तेच बोलतील. अमेरिकी लष्कराने 2007 मध्ये बो आणि बज ही दोन लॅब्रॅडॉर कुत्री इराकमध्ये पाठवली, तीही याचसाठी. कुत्र्यासमोर माणूस सहज बोलता होतो.