शब्दचर्चा : ‘कायनेज इन्हिबिटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सोलापुरात सिव्हिलच्या परिसरात औषधांच्या दुकानात काम करतो. इमॅटिनिब ही कर्करोगावरची गोळी नेणाऱ्या पेशंटसाठी मराठीत एक पानाची माहिती लिहितोय. ‘टायरोसिन कायनेज इन्हिबिटर’साठी ‘विकरनाशक’ लिहिलंय. चालेल का? आणि किनेज की कायनेज?

उत्तर : कायनेजच लिहा. डॉक्टर तोंडाने तेच म्हणतात, पेशंटच्या कानावर तेच पडतं. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘हलवणे’. पण ‘नाशक’ कृपा करून काढा, त्याने खरंच नुकसान होईल.

कायनेज हे विकर (एन्झाइम) एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवतं. टायरोसिन कायनेज तो प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवतं. तो बसला की प्रथिनाचा आकार बदलतो. बहुतेकदा ते कामाला लागतं, कधी बंदही पडतं. फॉस्फॅटेज नावाचं दुसरं विकर तो गट पुन्हा काढून घेतं. या उलटसुलट क्रियेच्या शोधासाठी फिशर आणि क्रेब्स यांना 1992 चं नोबेल मिळालं. आपल्या शरीरात अशी पाचशेहून जास्त कायनेजं आहेत. इन्सुलिनचा निरोप पेशीत शिरतो तोही याच वाटेने, कारण इन्सुलिनचा ग्राही (पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन) स्वतःच टायरोसिन कायनेज आहे.

इमॅटिनिब ज्या रक्तकर्करोगावर प्रामुख्याने देतात त्या सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं कायनेज तयार होतं. ते कधी थांबतच नाही, पांढऱ्या पेशी वाढत राहतात. इमॅटिनिब त्यातली एटीपीची जागा अडवतं. विकराचा नाश करत नाही. रक्तातलं औषध उतरलं की जागा मोकळी, काम पुन्हा सुरू. ‘नाशक’ म्हटलं की तणनाशक, झुरळनाशक आठवतं. एकदा मारलं, विषय संपला. रिपोर्ट चांगला आला की माणूस गोळी सोडणार, आणि तिथेच धोका आहे.

आणखी एक वाचक : मग ‘प्रतिबंधक’?

उत्तर : तो शब्द लशीने घेतलाय. ‘प्रतिबंधक’ वाचून घरच्यांना वाटेल, ही रोग होण्याआधी घ्यायची गोळी आहे. ‘रोधक’ किंवा ‘अवरोधक’ बरोबर.

सोलापूरच्या पूर्व भागातून एक वाचक : आमच्याकडे पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. ‘अवरोधक’ वाचून म्हातारी माणसं थांबतील. ‘कायनेजला अडवणारी गोळी’ लिहा ना सरळ.

उत्तर : हे सगळ्यात छान. शीर्षकात कायनेजरोधक, खाली लगेच हे वाक्य. आणखी एक सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. नावाच्या शेवटी ‘टिनिब’ असेल तर ते टायरोसिन कायनेज अडवणारं औषध : इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. गेफिटिनिब फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर नावाच्या वेगळ्या कायनेजला अडवतं, सीएमएलमध्ये त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता : असं लिहितो : ‘ही कायनेजला अडवणारी गोळी आहे. ती पोटात आहे तोवरच अडवते. रोज जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्या. बरं वाटलं तरी बंद करू नका.’

उत्तर : ‘पोटात’ऐवजी ‘रक्तात’ करा. शेवटी ‘डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय’ जोडा, कारण वर्षानुवर्षं रिपोर्ट उत्तम असलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतात, पण ती वरचेवर तपासण्या करत. बाकी छापायला द्या.