जुन्या इंची राउटर बिटची बेअरिंग आणि स्क्रू कुठे मिळतील?

कोपरीचा_रंधा (ठाणे पूर्व)
नमस्कार मंडळी. राउटरचे (लाकडाच्या कडा कापायच्या मशीनचे) पाव इंची शँकचे, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या दांडीचे, सहा जुने अमेरिकन बिट आहेत: दोन गोलाईचे, तीन अर्धा इंची फ्लश ट्रिम (कड सपाट कापायचे), एक रॅबेटचा (कडेला खाच पाडायचा). कार्बाइड शाबूत आहे, कुठे टवका नाही. पण चार बेअरिंग जाम आहेत आणि दोन बिटांचे टोकाचे स्क्रूच गायब आहेत. हार्डवेअरच्या दुकानात ‘सेम साइज’ म्हणून ५ बाय १३चं बेअरिंग मिळालं. ते लावून ट्रिम केलं की सनमायकाची कड नखाला लागते. स्क्रूत २.५ची ॲलन की जात नाही आणि २ची नुसती फिरते. दुकानात नेमकं काय मागायचं?

टीटीसी_टर्नर (रबाळे)
सेम साइज अजिबात नाही ते. तुमचं मूळ बेअरिंग बहुधा आर३ झेडझेड असणार: आतलं भोक ३/१६ इंच (४.७६ मिमी), बाहेरचा व्यास १/२ इंच (१२.७), जाडी ४.९८. तुम्हाला दिलंय ते ६९५, म्हणजे ५ × १३ × ४. कटर १२.७चा आणि बेअरिंग १३चं, म्हणजे एका बाजूला ०.१५ मिमी सनमायका सुटणारच. शिवाय दांडीवर जवळपास पाव मिमी ढिलाई राहते, त्यामुळे बेअरिंग कटरच्या मध्यावर बसत नाही. कड कुठे जास्त, कुठे कमी येते ती याने. जाडीही १ मिमी कमी आहे, म्हणजे स्क्रू पूर्ण आवळला तरी बेअरिंग वरखाली हलतं.

व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या. दुकानात ‘राउटरचं बेअरिंग’ मागू नका, नंबर सांगा. आणि ‘झेडझेड’ आवर्जून म्हणा: उघडं आर३ ३.९७ मिमी जाडीचं येतं, पत्र्याची झाकणं असलेलं ४.९८चं. नुसतं ‘आर३’ म्हटलं तर बारीक गळ्यात पडेल आणि भुसा आत जाईल तो वेगळाच.

सागवानी
गोलाईच्या बिटला बेअरिंगचा व्यास चुकला तर कड नाही, आकारच बदलतो. अर्धा इंचीच्या जागी ३/८ इंची बसवलं की गोलाईच्या टोकाला १.६ मिमीची पायरी येते. कधीकधी ती मुद्दाम हवी असते, म्हणून जुनं ३/८चं हाती लागलं तर फेकू नका.

रॅबेटचं गणित सोपं आहे: कटरच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा, भागिले दोन. ३४.९च्या कटरला १२.७चं बेअरिंग असेल तर खाच ११.१ मिमी, १५.९चं असेल तर ९.५. ३/१६ भोकाची पण मोठ्या व्यासाची बेअरिंग बेअरिंगवाल्याकडे सहसा नसतात. ती राउटर बिटच्या कंपन्यांचे संच येतात त्यात मिळतात.

टीटीसी_टर्नर
आता स्क्रू. २.५ जात नाही, २ फिरते, म्हणजे ३/३२ इंची की (२.३८ मिमी) लागणार. तसं असेल तर स्क्रू ४-४० किंवा ५-४० असायची शक्यता जास्त (पहिला आकडा जाडीचा नंबर, ४० म्हणजे इंचात ४० आटे). उरलेल्या स्क्रूवर ५ मिमीत आटे मोजा: आठच्या आसपास आले तर इंची ४०चा, दहा आले तर एम३, म्हणजे ३ मिमीचा मेट्रिक. मग व्यास बघा: २.८च्या आसपास म्हणजे ४-४०, ३.१च्या आसपास म्हणजे ५-४०. एम३ चालेल का, हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आधीच सांगतो: ५-४०च्या भोकात तो ढिला फिरतो, ४-४०च्या भोकात एखाददुसरा आटा जातो आणि अडतो. तिथे जोर लावला तर बिटातले आटे गेले, आणि त्या कडक दांडीत नवे पाडणं सोपं नाही.

कोपरीचा_रंधा
मोजले. ५ मिमीत आठ आटे, व्यास २.८. बेअरिंगही १२.७च निघालं. ५ मिमीच्या भोकात पितळी पत्रा गुंडाळून चालवतात असं ऐकलं होतं.

सागवानी
मिनिटाला २४,००० फेऱ्यांना? पत्रा निसटून कटरमध्ये येईल. नको.

वॉशरकडे लक्ष द्या, खरा घोळ तिथे होतो. स्क्रूच्या डोक्याखाली छोटा वॉशर असतो, तो फक्त बेअरिंगच्या आतल्या कड्याला टेकला पाहिजे. बाजारातला साधा ३ मिमीचा वॉशर ७ मिमी रुंद असतो. तो झाकणाला किंवा बाहेरच्या कड्याला घासला की बेअरिंग कटरबरोबर फिरतं आणि सागाच्या कडेवर काळा पट्टा येतो. लोक धारेला दोष देतात! कानशीने वॉशर ६ मिमीपर्यंत उतरवा. स्क्रू आवळल्यावर बोटाने बेअरिंग फिरवून बघा: बिट स्थिर, बेअरिंग मोकळं.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना कमी ताकदीचं, जांभळं लॉकिंग लिक्विड एक थेंब, २२२ नंबरचं. लाल नको. थेंब बेअरिंगमध्ये उतरला तर तेही गेलं. डिंक काढायला बिट बुडवायचा असेल तर आधी बेअरिंग काढा, नाहीतर आतलं ग्रीस धुतलं जाईल. अडकलेला स्क्रू असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा. गॅसच्या टॉर्चने तापवू नका, कार्बाइडच्या टिपचा जोड सुटेल.

मस्जिद_बंदर_फेरी (वाशी)
हे सगळं एका फेरीत हवं असेल तर नागदेवी स्ट्रीट, मुंबईत मस्जिद स्टेशनजवळचा हार्डवेअरचा बाजार. ठाण्याहून स्लो लोकल पकडा, फास्ट मस्जिदला थांबत नाही. वाशीहून हार्बर थेट. जुना स्क्रू आणि बेअरिंग खिशात घेऊन जा. चार लागत असतील तर सहा बेअरिंग आणि दहा स्क्रू घ्या, स्क्रू लाकडाच्या भुशात पडला की सापडत नाही. ३/३२ची कीसुद्धा तिथेच घ्या. रविवारी जाऊ नका.

टीटीसी_टर्नर
एक राहिलं. फ्लश ट्रिमच्या कटरचा व्यासही मोजा. सपाट बाजूने बऱ्याचदा धार लावली असेल तर व्यास १२.७चा १२.५ झालेला असतो, आणि मग नवं आर३ लावूनही ०.१ मिमी कड राहील. असा बिट सनमायकाला वापरू नका, प्लायच्या पट्ट्यांना ठेवा, नंतर रंधा किंवा पॉलिश पेपर फिरतोच. आणि ट्रिमरची (छोट्या राउटरची) कोलेट, म्हणजे शँक पकडणारी चूड, ६ मिमीची असेल तर पाव इंची शँक ठोकून घालू नका, ६.३५ची कोलेट वेगळी घ्या.